नखरे कोणाचे?

गेल्या डिसेंबरात मी लंडनला मुलाकडे होतो. तेथे माझ्या नातवाने काचेच्या टाकीत अ‍ॅक्सोलॉटल पाळला आहे. मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला हा प्राणी. नाते बेडकाशी, पण जन्मभर पाण्यातच राहतो आणि कल्ले पिसांसारखे बाहेर मिरवितो. स्वतःच्या मुलखात तो आज नामशेष होण्याच्या काठावर आहे; परदेशी टाक्यांत मात्र सुखाने वाढतो.

तर हे महाराज काही खाईनात. गोळी टाकली की तोंडात घेऊन थुंकायचे. त्यांना हवीत जिवंत गांडुळे. उन्हाळ्यात बागेत फावडे मारले की ती मिळत. थंडीत गांडुळे खोल जातात. मुलाने कोठून तरी खतातली लाल गांडुळे आणली, तीही बाहेर आली. "बाबा, याचे नखरे फार," सूनबाई म्हणाली. शेवटी मुलगा म्हणाला, तळ्यात सोडून देऊ. नातू रडू लागला, तेव्हा मला बोलावेच लागले.

वाचकहो, यात नखरे कसले? लाल गांडूळ डिवचले की कडू, घाण वासाचा रस सोडते. तुम्ही-आम्ही तरी गिळू काय? शिवाय टाकी खिडकीपाशी होती. पाणी मोजले तर 11 अंश! या प्राण्याला 16 ते 18 अंश मानवतात; पाणी फार गारठले की त्याची भूकच मंदावते. आणि परका प्राणी मोकळ्या पाण्यात सोडणे तेथे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मुलाला ठाऊकच नव्हते.

गळाच्या सामानाच्या दुकानात आमिषाची गांडुळे भर थंडीतही मिळाली. ओलसर मातीच्या पेटीत, गार कोपऱ्यात, भाजीच्या सालींवर ती जगतात. मोठ्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीनदाच खायला लागते. गांडुळाचा तुकडा चिमट्याने नाकासमोर हलविला की तो झडप घालतो. पुढे गोळीही तशीच हलवून सवय लावता येते. औषध मारलेल्या बागेतले गांडूळ मात्र नको, आणि रोग आणणारे छोटे मासेही नकोत.

माझे म्हणणे एवढेच की ही पेटी सप्टेंबरातच भरायला हवी होती. थंडी काही न सांगता येत नाही. हा प्राणी दहा-पंधरा वर्षे जगतो. मुलाचा हट्ट दोन महिन्यांचा असतो.

परत आलो तर येथे वाक्वालाही एका घरी मुले हाच प्राणी मागत होती. आपल्या बेटावर जमीन कधी गोठत नाही, गांडुळांना तोटा नाही. पण जानेवारीत पाणी 24 अंशांवर गेले की त्याचे हाल होतात. बाराही महिने पाणी गार ठेवायचा खर्च कोण करणार, असे मी विचारले. आईबाप एकमेकांकडे पाहू लागले.

परवा नातवाचा फोन आला. पेटीत पिल्ले झाली आहेत. गांडुळांची, हो!