सोसायटीची सत्ता उंबरठ्यापर्यंत

अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या आमच्या सोसायटीत मी पाच वर्षं सेक्रेटरी होते. त्या काळातले दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. ऐन मे महिन्यात रात्री दहा वाजता पंप जळाला. खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ओळखीच्या मेकॅनिकला झोपेतून उठवलं, दोन टँकर मागवले आणि उजाडायच्या आत सगळ्यांच्या नळाला पाणी आलं. त्यानंतर जेमतेम महिन्याने त्याच माणसांनी, त्याच टेबलाभोवती बसून ठरवलं की रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या दोन नर्स मुलींना इथे भाड्याने राहू द्यायचं नाही. का, तर त्या रात्री-अपरात्री येणार. इतिवृत्त मी लिहिलं, सहीही केली. विरोध नोंदवायला हवा होता, तो नोंदवला नाही.

सोसायटी चांगली की वाईट, या प्रश्नाला तेव्हापासून मी एका शब्दात उत्तर देत नाही. पाण्याचा पंप चालवणारी आणि त्या मुलींना दार बंद करणारी समिती एकच होती. मग फरक कशात होता? पंप सगळ्यांचा होता. फ्लॅट एका सभासदाचा होता आणि त्यात राहणाऱ्या मुलींचं आयुष्य त्यांचं स्वतःचं होतं. महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांचे फायदे-तोटे या एका कसोटीवर तपासावेत, एवढ्यासाठी हे मुद्दे मांडते आहे.

१. एकट्याला न झेपणारं मिळून झेपतं.
मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्यासारख्या सहकारी कार्यकर्त्यांनी ती उभारली आणि देशातल्या सुरुवातीच्या गृहनिर्माण सहकारी संस्थांमध्ये ती मोजली जाते. मध्यमवर्गीय कुटुंबाला एकट्याने मुंबईत जागा घेणं अशक्य होतं. एकत्र आल्यावर ते शक्य झालं. आजही लिफ्ट, टाकी, गच्ची, ड्रेनेज, जिन्यातले दिवे, वॉचमन यांतलं काहीच एका घराला परवडत नाही. आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनी, त्या खर्चाची वाटणीही विचारपूर्वक केली आहे. सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा, पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर. मोठ्या फ्लॅटवाल्याने वॉचमनसाठी जास्त द्यावं का, हा वाद दरवर्षी सभेत निघतो. वॉचमन सगळ्यांसाठी सारखाच जागतो, हे त्याचं उत्तर.

२. इमारतीच्या वयाची काळजी कुणीतरी घ्यावीच लागते.
घर आपण स्वच्छ ठेवतो, पण कॉलमला पडलेली भेग कुणाच्याच घरातली नसते. म्हणून उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा करायची असते. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याने आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. हे सगळं कंटाळवाणं काम आहे. त्यासाठी मानधन नाही, कुणी पाठ थोपटत नाही. पण स्लॅब कोसळल्याची बातमी वाचली की समजतं, या कंटाळवाण्या कामावर किती जीव अवलंबून असतात. मेंटेनन्स वाढला म्हणून चिडणाऱ्या सभासदाने वर्षातून एकदा तरी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीखालचा भाग पाहावा.

३. बिल्डरसमोर एकटा ग्राहक उभा राहू शकत नाही.
फ्लॅटचा ताबा मिळाला तरी जमीन आपोआप आपली होत नाही. तिच्यासाठी कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण लागतं. कित्येक इमारतींत बिल्डरने ते वर्षानुवर्षं केलंच नाही. म्हणून १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकी कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याची, वाट खुली झाली. तो अर्ज संस्थेच्या नावाने एकजुटीने करायचा असतो. स्टिल्टमधलं पार्किंग स्वतंत्रपणे विकण्याचा बिल्डरला हक्क नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकालही एका गृहनिर्माण संस्थेने लढलेल्या दाव्यातूनच आला. पुनर्विकासात तर सोसायटीची खरी परीक्षा असते. जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विकासकाच्या निवडीला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती आणि सभेचं चित्रीकरण आवश्यक आहे. जिथे सभासद कागद वाचतात, तिथे बिल्डरही तोलूनमापून बोलतो.

४. शहराचं काही ओझं सोसायटी उचलते.
२०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या गृहसंकुलांवर ओला-सुका कचरा वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. गांडूळखताचे वाफे, पावसाचं पाणी मुरवणारे खड्डे, गच्चीवरची सौर पॅनेल ही कामं एका घराने करून भागत नाही. पुण्याच्या उपनगरांत टँकरच्या पाण्यावर दरमहा लाखोंचा खर्च करणाऱ्या सोसायट्या आहेत. महापालिकेने द्यायचं पाणी लोक दुसऱ्यांदा पैसे मोजून घेतात, हा अन्याय आहेच. पण त्याविरुद्ध महापालिकेच्या दारात जायचं तरी तीनशे घरांच्या वतीने गेलेल्या पत्राला वजन असतं.

इथवरच्या चारही मुद्द्यांत जे आहे ते सामायिक आहे: पाणी, कॉलम, जमीन, कचरा. आता उंबरठ्याच्या आतल्या बाजूला येऊ.

५. घरात कोण राहील, हे ठरवणं सोसायटीचं काम नाही.
अविवाहितांना घर नाही, मांसाहारींना नाही, अमुक धर्माच्या माणसाला नाही, आणि खुद्द मुंबईत काही इमारतींत मराठी माणसालाही नाही. हे कागदावर फारसं येत नाही. दलालाला तोंडी सांगितलं जातं. प्रत्यक्षात आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागतच नाही. आगाऊ कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच जोडायची, एवढंच. फ्लॅट विकतानाही संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचा पायाच खुल्या सभासदत्वाचा आहे आणि पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. त्या दोन नर्स मुलींना आम्ही नकार दिला तो कायद्याच्या आधाराने नव्हता. आम्ही फ्लॅटमालकाला अवघडून टाकलं होतं. त्याला त्याच शेजाऱ्यांत पुढे राहायचं होतं, म्हणून तो गप्प बसला. सोसायटीच्या जाचाचं खरं बळ या अवघडलेपणात आहे.

६. सगळ्यात जास्त नियम त्यांच्यावर, ज्यांना मत नाही.
कोणत्याही सोसायटीच्या फलकावरच्या सूचना वाचून पाहा. घरकामाच्या बायकांनी ही लिफ्ट वापरू नये. डिलिव्हरीच्या मुलांनी जिन्याने जावं. भाडेकरूंच्या पाहुण्यांनी रजिस्टरमध्ये सही करावी. बागेतल्या बाकावर कामवाल्यांनी बसू नये. या सूचना ज्यांच्यासाठी आहेत, त्यांच्यापैकी एकालाही सर्वसाधारण सभेत बसता येत नाही. आमच्याकडे चार घरी पोळ्या करणाऱ्या बाई सातव्या मजल्यापर्यंत जिना चढायच्या, कारण त्यांच्यासाठी ठरवलेली लिफ्ट महिनाभर बंद होती. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही दुसऱ्या लिफ्टने जा." त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही आहात तोवर जाईन. तुम्ही गावाला गेलात की वॉचमन उतरवेल." नियम बदलल्याशिवाय चांगुलपणाला अर्थ नसतो, हे त्यांनी मला शिकवलं. पुढच्या सभेत आम्ही तो फलक काढला. ज्या माणसाच्या हातची पोळी आपल्या ताटात चालते, त्याला लिफ्टमध्ये शेजारी उभं राहू न देणं हा जुनाच विटाळ आहे. त्याला सुरक्षेचं नाव देऊ नये.

७. शुल्काच्या नावाने लूट होते, आणि थकबाकीच्या नावाने छळ.
भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर, मालक स्वतः तिथे राहत नाही म्हणून लागणारं बिनभोगवटा शुल्क किती घ्यावं, यावर एके काळी धरबंध नव्हता. म्हणून २००१ साली शासनाने त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. महापालिकेचा कर त्या हिशोबात धरायचा नसतो. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना संस्था घेते त्या हस्तांतरणाच्या अधिमूल्यालाही २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. तरीही "ऐच्छिक देणगी" म्हणून लाखाचा चेक मागणाऱ्या समित्या आहेत. ज्या देणगीवाचून कागद पुढे सरकत नाहीत, ती ऐच्छिक कशी?
दुसरी बाजूही सांगायला हवी. ऐपत असून वर्षानुवर्षं मेंटेनन्स न भरणारा सभासद शेजाऱ्यांच्या पैशांवर लिफ्ट वापरत असतो. त्याच्याकडून वसुली व्हायलाच हवी, आणि त्यासाठी निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवण्याची तरतूद कायद्यात आहे. पण पाणी तोडणं किंवा लहान मुलांच्या देखत फाटकावर नाव लावणं ही वसुली नव्हे. थकबाकी पैशांची असते. ती अब्रूतून वळती करता येत नाही.

८. रिकाम्या सभेतून मोजक्यांचं राज्य येतं.
सर्वसाधारण सभेची गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती. तेवढेही आले नाहीत तर सभा अर्धा तास थांबते, तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. म्हणजे दोनशे घरांचा निर्णय नऊ माणसं कायदेशीरपणे घेऊ शकतात. मग तोच चेअरमन, तोच रंगाऱ्याचा ठेका, तीच न उघडणारी फाइल. समितीला हुकूमशाही म्हणणारे सभासद बहुधा सभेच्या वेळी घरीच असतात. दप्तर पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक सभासदाला आहे. पाच वर्षांत माझ्याकडे तो हक्क दोघांनी वापरला. त्यांतल्या एकांना हिशोबात आमची खरी चूक सापडली: लिफ्टच्या देखभालीचं एक बिल दोनदा दिलं गेलं होतं. ते पैसे परत आले. त्या गृहस्थांना तोवर सगळे "किरकिरे" म्हणत. प्रत्येक सोसायटीला असा एक तरी माणूस हवा.

९. एका आक्षेपाचं उत्तर.
"आम्ही आयुष्याची कमाई इथे घातली. शेजारी कोण यावं, हे ठरवण्याचा आम्हाला हक्क नाही का?" हा प्रश्न मला अनेक ज्येष्ठांनी विचारला आहे आणि त्यामागची भीती खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, समाजासाठीच स्थापन झालेल्या संस्थेने सभासदत्व त्या समाजापुरतं ठेवणं वैध मानलं. गावदेवीची संस्थाही एका समाजाच्या आधारानेच उभी राहिली होती. पण ज्या इमारतीच्या उपविधींत असं काहीही लिहिलेलं नाही, तिथे तोंडी बंदी घालणं हा ना कायदा आहे, ना सहकार. शांतता हवी असेल तर वागणुकीचे नियम करा आणि ते सगळ्यांना लावा. रात्री अकरानंतर मोठ्याने गाणी नकोत, जिन्यात चपलांचे स्टँड नकोत, कचरा उघड्यावर नको. हे नियम मालकाच्या मुलाला आणि भाड्याने राहणाऱ्या मुलीला सारखेच लागू झाले, तर कुणाचीच हरकत असणार नाही.

१०. निर्णयाआधी तीन प्रश्न.
समितीसमोर कुठलाही विषय आला की तीन गोष्टी विचाराव्यात. ही बाब सामायिक आहे का, की कुणाच्या घरातली? हा नियम करणाऱ्यांनाही लागू होणार आहे का? आणि हे इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून खाली सही करायला आपण तयार आहोत का? माझ्या सहीच्या त्या ठरावाला हे प्रश्न विचारले असते, तर तो पहिल्याच प्रश्नाला पडला असता.

माझा निर्वाळा स्पष्ट आहे. शहरात राहायचं तर सोसायटी हवीच. तिच्यावाचून पाणी, जमीन आणि इमारतीचा जीव यांची राखण कुणी करणार नाही. पण तिची सत्ता उंबरठ्यापर्यंत आहे, आणि तिथवरही ती उघड्या दप्तराने चालली पाहिजे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी येते. या वर्षीची नोटीस हाती पडली की ती फ्रिजवर लावून ठेवू नका. सोबतचा ताळेबंद वाचा, एक प्रश्न लिहून काढा आणि सभेला जा. कुणाला घर नाकारण्याचा किंवा कुणाला लिफ्टमधून उतरवण्याचा विषय निघाला, तर उभे राहा आणि आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या. मी ते केलं नव्हतं. तुम्ही करा.