दहा वाजले ते पोलिसांना, कानाला नाही

तुळशीचे लग्न लागले की पळस्पे फाट्याजवळच्या माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. "डॉक्टर, कानात दडा बसलाय. मळ असेल, थेंब द्या." मी बॅटरी लावून पाहतो. मळ नसतो, पडदा स्वच्छ असतो. मग मी एकच प्रश्न विचारतो, "काल हळद कोणाकडे होती?" पेशंट हसतो. उत्तर मिळालेले असते.

यंदा आलेला मुलगा मात्र हसला नाही. वय एकोणीस. बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, हा त्याचा तिसरा हंगाम. कानात रातकिडे ओरडतात म्हणाला, आणि ते सकाळी थांबतील म्हणून वाट पाहता पाहता पंधरा दिवस गेले होते. सोबत आलेल्या आईची तक्रार निराळी होती : "हाक मारली की ओ देतो, पण काय बोलले ते दुसऱ्यांदा विचारतो." मी त्याला पनवेलला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे धाडले. श्रवणचाचणीचा आलेख आला, त्यात चार हजार हर्ट्झपाशी खड्डा. यंत्रांच्या गोंगाटात वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसांच्या आलेखात हा खड्डा मी नेहमी पाहतो. एकोणीस वर्षांच्या पोराच्या आलेखात तो पाहणे जड गेले.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. प्रत्येक कानाच्या शंखात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि निरोप मेंदूकडे जातो. प्रचंड आवाजाने त्यांची अवस्था परतीच्या पावसाने आडव्या झालेल्या भातासारखी होते. एकदा आडवा झालेला भात थोडाफार उभा राहतो. म्हणून हळदीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कान मोकळा होतो. पुन्हा पुन्हा झोडपला की तो उठत नाही. फरक एवढाच, की शेतात पुढच्या वर्षी पुन्हा आवणी करता येते. माणसाची केसपेशी मेली की तिच्या जागी नवी उगवत नाही. कान मोकळा झाला म्हणजे सारे सुटले असेही नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की ऐकणे पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले काही जोड कायमचे तुटलेले राहतात.

आता थोडे गणित. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामगारांच्या कानांसाठी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असे करत १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. डीजेच्या भिंतीसमोर आवाज शंभराच्या वर सहज जातो आणि आपली हळद चार-पाच तास चालते. मीटर हवाच असे नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर ८५ ची रेघ ओलांडली असे समजावे.

माझा खरा आक्षेप आपल्या विचाराच्या पद्धतीवर आहे. आवाजाचा विषय निघाला की आपण घड्याळ पाहतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, सणासुदीला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सवलत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीची ही बंदी उचलून धरली. हे सारे योग्यच आहे, पण तो नियम शेजाऱ्याच्या झोपेसाठी आहे. निवासी भागासाठी दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादाही त्या परिसराची आहे, ध्वनिक्षेपकाचा आवाज मोजायचा तोही जागेच्या हद्दीपाशी. भिंतीसमोर नाचणाऱ्याच्या कानाशी कोणी मोजत नाही. आपण मात्र "दहाला बंद केले" म्हणून समाधान मानतो. सात ते दहा या वेळात कडेवरच्या पोराच्या कानाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले. कोणत्याही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपुढे नको, प्रेक्षकांना कानांत घालायची बोंडे मिळावीत, आणि कान विसावायला एक शांत जागा असावी. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. त्यांचा गायक ख्रिस मार्टिन याला स्वतःला कर्णनादाचा त्रास आहे आणि तो उघडपणे सांगतो, की तरुणपणी मोठ्या आवाजात गाणी ऐकल्याचे हे फळ. एवढ्या मोठ्या कलावंताला कानांत बोंडे घालायची लाज वाटत नाही, मग आपल्याला का वाटावी?

कोणी म्हणेल, डॉक्टरांना गाणे-बजावणे सहन होत नाही. मी याच भागातला आहे, हळदीत भरपूर नाचलो आहे. माझ्या लहानपणी धवलारीण धवले गायची ती ध्वनिक्षेपकाशिवाय, आणि सारा मांडव ऐकायचा. ते दिवस परत आणा असे मी म्हणत नाही. जाता जाता एक गंमत : सातारा-कोल्हापूरकडे ज्या भिंतीला "डॉल्बी" म्हणतात, ते नाव रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याचे. हा गृहस्थ १९६३ ते ६५ युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. त्याने नाव कमावले ते टेपमधली खरखर कमी करण्याच्या शोधावर!

करायचे काय? भिंतीपासून लांब उभे राहावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये एवढा फायदा मिळत नाही. मधून मधून बाहेर येऊन कानांना विश्रांती द्यावी. औषधाच्या दुकानात स्पंजची बोंडे मिळतात. बोंड चिमटीत वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, बोंड आत सारून फुगेपर्यंत बोटाने धरावे. नीट बसले तर वीस डेसिबलपर्यंत आवाज उतरतो, गाणे तरीही ऐकू येते. कापसाच्या बोळ्याचा उपयोग अगदी थोडा. तान्ह्या मुलांना समारंभात भिंतीजवळ नेऊच नये, आणि त्यांच्या कानांत बोंडेही घालू नयेत. दुसऱ्या दिवशीही कान वाजत असेल तर तपासून घ्यावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. सुरुवातीच्या दिवसांत औषधाला यश येण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. तेल मात्र कृपा करून ओतू नका.

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीची हळद आहे. ताईला म्हटले, पानसुपारीच्या तबकाशेजारी बोंडांची एक वाटी ठेवू. "लोक हसतील रे," ती म्हणाली. मग मी डीजेवाल्याला बोलावले. भिंतीचे तोंड मांडवाकडे नको, शेताकडे कर, असे सांगितले. तो वाद घालेल अशी माझी तयारी होती. त्याने थोडा वेळ विचार केला आणि हळूच विचारले, "डॉक्टर, ती बोंडे माझ्या पोरांसाठी चार जोड मिळतील का?"