माथेरानच्या गाडीचा भार कोणी वाहावा?

खांदा कॉलनीतील रहिवाशाला माथेरानचा डोंगर शेजारचा. परंतु त्याच्या पलीकडच्या अंगाने, नेरळहून चढणारी छोटी गाडी मुलांना एकदा दाखवून आणण्यापलीकडे त्याच्या हिशेबात नसते. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पदरचा पैसा घालून १९०७ मध्ये हा दोन फुटी रुळांचा, सुमारे वीस किलोमीटरांचा मार्ग पुरा केला. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीत तो वाहून गेला. २०१९ च्या पावसाने पुन्हा उखडला आणि नेरळहून गाडी सुटण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. तिकिटाच्या उत्पन्नावर हा खर्च भागणे शक्य नाही, हे उघड आहे.

अशा वेळी वेल्समधील टॅलिलिनचा दाखला दिला जातो. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ मध्ये बांधलेला तो अरुंदमापी मार्ग मालकाच्या निधनानंतर मोडीत निघायचा. १९५१ मध्ये हौशी स्वयंसेवकांनी तो चालवावयास घेतला. दाखला मोहक खरा, पण जसाच्या तसा लागू पडणारा नव्हे. स्वयंसेवा फुकट नसते. तिला फुरसतीचे भांडवल लागते. हार्बर लोकलमध्ये रोजचे तीन तास घालवणाऱ्या पनवेलच्या कारकुनाजवळ ते कोठून यावे? शिवाय घाटातील रूळ राखणे हे गँगमनचे काम आहे आणि हौसेच्या नावाखाली त्याच्या पगारावर टाच येता कामा नये. निवृत्त चालकांच्या आठवणी टिपणे, जुने नकाशे व अवजारे जतन करणे, शाळांच्या सहलींना मार्गाची माहिती देणे, एवढे मात्र निवृत्त शिक्षक आणि विद्यार्थी निश्चित करू शकतील.

प्रत्येक जुना रूळ जपावा असेही नाही. बार्शी लाइट रुंदमापी झाली. लातूरच्या व्यापाराला त्याची गरजच होती. माथेरानची गोष्ट निराळी. तेथे पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि गाडीचे आकर्षण हॉटेलवाल्यांपासून नेरळच्या फेरीवाल्यांपर्यंत अनेकांची चूल पेटवते. लाभ त्यांचा, तूट रेल्वेची, अशी ही वाटणी आहे. माथेरान नगरपरिषद पर्यटकांकडून प्रवेशकर घेते. त्यातील ठरावीक हिस्सा या मार्गाची गटारे व संरक्षक भिंती यांसाठी राखून ठेवावा, आणि तो दरड कोसळल्यावर नव्हे, तर मृगापूर्वी खर्ची पडावा.