मनगटाची कळ

जपानातल्या आयकिदो विद्येचे जनक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) आपल्यासारखेच मातीतले. १९४२ साली तोकियो सोडून ते इवामा गावी गेले; तिथे शेतीही केली आणि तालीमही चालवली. त्यांच्या विद्येतला ‘कोते गाएशी’ हा मनगटाचा पेच ऐका.

समोरच्याचा उजवा पंजा आपल्या डाव्या हाताने धरायचा. आपला अंगठा त्याच्या पंजाच्या पाठीवर, बोटे त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी. मग पाऊल मागे घेऊन अंग वळवायचे आणि पंजा मनगटात दुमडून बाहेरच्या बाजूला फिरवायचा. जोर दंडाचा नव्हे, कमरेचा. पोते पाठीवर घेताना लावतो तसा. माणूस त्या बाजूला कलंडतो.

पण तालमीत आधी शिकायचे ते सोडणे. जोडीदाराने थाप मारली, की त्याच क्षणी हात सोडायचा. नाहीतर सांधा दुखावतो. म्हणून वाचून पोरांच्या हातावर प्रयोग नको. जाणत्या गुरूसमोर सावकाश शिकावे.

आणि खरी वेळ आलीच, तर पेच सुटकेपुरता. हात सुटला, की ओरडावे आणि माणसांत पळावे. समोर चाकू असेल तर पेचाच्या भानगडीत पडूच नये. जीव राखला, त्याला कोण भित्रा म्हणेल?