आधी अँटेना बघा, राव

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन वाईला निघालो होतो. गाडी त्यांची, जुनी हॅचबॅक. चालवायला मी. कात्रजचा नवा बोगदा संपला आणि विविध भारती जी गेली ती गेलीच. नुसती खरखर. बाबांनी थोडा वेळ स्क्रीनवर बोटं मारून पाहिली, मग म्हणाले, "राहू दे. तुझं ते मोबाईलवरचं लाव."

लावलं. पण त्यांना ते नको होतं हे कळत होतं. पुढचं गाणं कुठलं लागणार हे माहीत नसणं आणि मधे निवेदकाने दोन वाक्यं बोलणं, हीच तर त्यांची मजा. जुना रेडिओ होता तेव्हा हीच गाडी पुण्याचं १०१ मेगाहर्ट्झ पार शिरवळपर्यंत पकडायची. बाबा तसं बोलले नाहीत इतकंच.

कारण रेडिओ मीच बदलला होता ना! दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला टचस्क्रीनवाला स्टिरिओ बसवून दिला. छपरावरची लांब काठी पार्किंगच्या छताला घासते म्हणून ती काढली आणि ऑनलाईन मागवलेली बोटभर 'स्टायलिश' अँटेना लावली. तेव्हा फार भारी वाटलं होतं.

तर सांगायचं ते एवढंच. गाडीत रेडिओ नीट लागत नसेल तर स्टिरिओला शिव्या घालू नका आणि लगेच बूस्टरही मागवू नका. आधी अँटेना बघा. तिने जे पकडलंच नाही, ते पुढचा कितीही महाग डबा परत आणू शकत नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग (डिग्री घेतलीये तर वापरू कधीतरी). १०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३ मीटर लांब असते. छपराचा पत्रा खाली असताना उभ्या अँटेनाची आदर्श लांबी या लहरीच्या पावपट, म्हणजे ७५ सेंटीमीटर. जुन्या गाड्यांच्या त्या ओढून लांब करायच्या दांड्या एवढ्या उंच का होत्या, ते इथे कळतं. हल्लीची रबरी काठी त्याहून आखूड असते, पण आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, त्यामुळे तिचं बऱ्यापैकी भागतं. माझी बोटभर अँटेना? आत बघितलं तर नुसता एक स्क्रू. शोभेची वस्तू!

आता तुम्ही म्हणाल, मग अँप्लिफायर लाव की. पण अँप्लिफायर गाण्याबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो, वर स्वतःची थोडी घालतो. तो काठीच्या अगदी बुडाशी असेल तर उपयोग आहे, कारण केबलमधे सिग्नल कमी व्हायच्या आधीच तो उचलला जातो. बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच तो तिथे बसवलेला असतो. त्याला १२ व्होल्ट लागतात, आणि खरी गोम इथेच आहे. बाहेरून स्टिरिओ बसवताना अँटेनाला पॉवर देणारी वायर (बहुतेक वेळा निळी) जोडायची राहून जाते. पॉवर नसलेला अँप्लिफायर मदत तर करत नाहीच, उलट सिग्नल अडवतो. काही गाड्यांत ही पॉवर अँटेनाच्या केबलमधूनच जाते, तिथे वेगळा अडॅप्टर लागतो.

पुढच्या रविवारी स्टिरिओ बाहेर काढला. निळी वायर व्यवस्थित टेप गुंडाळून मागे कोंबलेली! ज्या दुकानात बसवला त्यांची चूक, पण बसवून झाल्यावर रेडिओ लावून न बघणारा मीच. वायर जोडली. छपरावरचा अँटेनाचा बूड उघडला तर पत्र्याला गंज. तो पॉलिश पेपरने घासून काढला, कारण काठीइतकंच बॉडीशी नीट अर्थिंगही लागतं. माळ्यावरची जुनी काठी परत लावली. खर्च काय, तर पॉलिश पेपर आणि एक दुपार.

तुम्हाला करून बघायचं असेल तर दोन सोप्या चाचण्या. एक, रेडिओ चालू ठेवून काठी काढा. आवाजात काहीच फरक पडला नाही तर दोष काठीतच असेल असं नाही. बूड, केबल नाहीतर पिन बघा. दोन, डॅशकॅम आणि मोबाईलचा चार्जर काढा. खरखर थांबली तर अँटेना बिचारी निर्दोष आहे, तो स्वस्त चार्जरच गोंगाट करतोय.

प्रत्येक रोगावर हे औषध नाही, हेही सांगतो. सिग्नलला थांबल्यावर खरखर येते आणि गाडी दोन-चार फूट पुढे घेतली की जाते, तेव्हा बिल्डिंगांवरून आपटून आलेल्या लहरी एकमेकींना मारत असतात. तिथे लांब काठीही फारसं काही करू शकत नाही. आणि एफएमला डोंगर आडवा आला की संपलं.

तरी मला वाटतं, रेडिओ 'आता कुठे चालतो' असं म्हणून आपण ज्याला मोडीत काढतो, त्याला बऱ्याचदा आपणच मारलेलं असतं. दिसायला बरं म्हणून आधी अँटेना छोटी करायची, मग ऐकू येत नाही म्हणून रेडिओच नको म्हणायचं. अमेरिकेत फोर्डने नव्या गाड्यांतून एएम रेडिओ काढायचं ठरवलं होतं. मे २०२३ मधे तो निर्णय मागे घ्यावा लागला, कारण संकटकाळच्या सूचना तिथे अजून रेडिओवरून येतात. आपल्याकडेही घाटात मोबाईलची रेंज गेली की बाहेरच्या जगाचा आवाज यायला दुसरं आहेच काय?

आणि बाबांचं म्हणाल तर, मी त्यांना हवी ती वस्तू दिलीच नव्हती. मला हवी ती दिली होती. स्क्रीन मोठा झाला आणि त्यांचं स्टेशन गेलं. दोन वर्षं ते काही बोलले नाहीत, कारण मुलाने वाढदिवसाला दिलंय. आपण आईवडिलांच्या वस्तू 'अपग्रेड' करतो तेव्हा ते कशासाठी वापरतात, एवढं तरी विचारायला हवं.

असो. परवा परत वाईला गेलो. शिरवळ मागे पडेपर्यंत गाणी स्वच्छ. खंबाटकीत खरखर सुरू झाली तसा मी मोबाईल उचलायला गेलो, तर बाबा म्हणाले, "थांब रे, घाटात जायचीच. पलीकडे काय लागतं ते बघू."