सोलून काढता येणारा रंग आणि कायद्याची चौकट

मोटारीच्या पुढच्या जाळीवर आणि दारांच्या कडेला चमकणाऱ्या क्रोमच्या पट्ट्या एकेकाळी श्रीमंतीची खूण मानल्या जात. आज त्याच पट्ट्या अनेक तरुण मालकांना नकोशा झाल्या आहेत. टाटाने २०१९ मध्ये हॅरियरची ‘डार्क एडिशन’ आणली, २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटाची ‘नाइट एडिशन’ आली आणि काळी जाळी, काळी चाके, काळे बोधचिन्ह ही नवी प्रतिष्ठा ठरली. ज्यांच्याकडे आधीच साधी गाडी आहे, त्यांना हे रूप स्वस्तात देणारा मार्ग म्हणजे फवारून लावायचा आणि हवा तेव्हा सोलून काढता येणारा रबरी रंग. गोव्यातील गॅरेजांनाही आता ही मागणी नवी राहिलेली नाही. प्रश्न असा की, ‘काढता येतो’ एवढ्या एका गुणावर हा रंग कायद्याच्या आणि सुरक्षेच्या कक्षेबाहेर राहतो का?

आधी वस्तू समजून घेऊ. हा रंग म्हणजे द्रावकात विरघळवलेले कृत्रिम रबर. अमेरिकेतील ‘प्लास्टी डिप’ हे त्यातले सर्वाधिक परिचित नाव. मुळात ते हत्यारांच्या मुठींना रबरी पकड यावी म्हणून वापरले जाई. फवारल्यावर द्रावक उडून जाते आणि मागे रबराची लवचीक पातळ कातडी उरते. ती पृष्ठभागाला चिकटून बसते, पण नेहमीच्या रंगासारखी त्याच्याशी एकजीव होत नाही. म्हणूनच ती सोलता येते. सारे कौशल्य जाडीत आहे. पहिला हात विरळ द्यायचा, मग वाळायला वेळ देत पाच-सहा हात चढवायचे. थर पातळ राहिला तर सोलताना त्याचे तुकडे पडतात आणि ‘सहज निघणारा’ रंग नखांनी खरवडत बसावे लागते. वर्षानुवर्षे ऊन खाऊन कडक झालेल्या थराचेही तेच होते. पेट्रोलचा शिंतोडा त्याला विरघळवतो. धुलाई केंद्रातला पाण्याचा जोरदार फवारा त्याच्या कडा उचकटतो. शिवाय दमट हवेत फवारणी केली तर थरावर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या राज्यात हा दोष दुर्लक्षिण्यासारखा नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात याच तरतुदीवर बोट ठेवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि अननुज्ञेय बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. मात्र कलम ५२ चेच स्पष्टीकरण ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असे म्हणते. जाळी किंवा बोधचिन्ह काळे केल्याने रचना बदलत नाही. त्यामुळे क्रोमच्या पट्टीवरचा काळा थर या व्याख्येत बसवणे कठीण आहे.

संपूर्ण गाडीचे मात्र तसे नाही. नोंदणीच्या अर्जात वाहनाच्या रंगाचा स्वतंत्र रकाना आहे आणि तोच रंग आरसी पुस्तकात उतरतो. अपघात करून पळालेल्या गाडीबद्दल साक्षीदाराला क्रमांक आठवत नाही, रंग आठवतो. चोरीची गाडी शोधतानाही पहिली खूण रंगाचीच असते. म्हणून अंगाचा रंग बदलायचा तर आरटीओकडे अर्ज आणि आरसीवर नव्या रंगाची नोंद, ही रूढ पद्धत आहे. ‘साहेब, हा उद्या काढणार’ हे उत्तर तपासणी नाक्यावर टिकत नाही, कारण नोंद जुळायला हवी ती आजच्या रंगाशी. ऑलिव्ह हिरवा रंग तर संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. तो सोलता येणारा असला तरी खासगी गाडीला वर्ज्यच.

काढता येणे हा बचाव नाही, हे आपण काळ्या काचांच्या बाबतीत पाहिले आहे. फिल्मही सोलून निघतेच. तरीही एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर कोणतीही काळी फिल्म लावण्यास मनाई केली आणि देशभर पोलिसांनी रस्त्यातच फिल्म उतरवल्या. पुढे नियम बदलले आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने पुढील-मागील काचांसाठी ७० टक्के व बाजूच्या काचांसाठी ५० टक्के पारदर्शकता राखणारी फिल्म ग्राह्य मानली. काचेच्या वादाला निदान मोजता येईल असा आकडा मिळाला. बाह्य सजावटीच्या रंगाला असे मोजमाप नाही. तिथे निर्णय रस्त्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहतो.

सुरक्षेच्या बाजूने मात्र संदिग्धता नसावी. मागचे दिवे ‘स्मोक्ड’ दिसावेत म्हणून त्यांच्यावर धूसर थर फवारण्याची टूम निघाली आहे. जुलैच्या मुसळधार संध्याकाळी झुआरी पुलाकडे जाणाऱ्या रांगेत पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा अर्धवट दिसणे म्हणजे काय, हे कोणत्याही चालकाला समजावून सांगावे लागू नये. परावर्तक आणि नंबर पाटी यांनाही हीच मर्यादा लागू आहे. नव्या गाड्यांत आणखी एक पेच आहे. आपत्कालीन ब्रेकसाठी लागणारे रडार अनेकदा जाळीत किंवा बोधचिन्हामागेच बसवलेले असते. त्यावर जाड थर, विशेषतः धातूचे कण असलेला रंग चढला, तर ते आंधळे होऊ शकते. हौस पट्टीची असते, किंमत ब्रेकची मोजावी लागते.

या चर्चेत ज्याचे नाव येत नाही तो म्हणजे फवारणारा पेंटर. टोल्युइन, झायलीन यांसारख्या द्रावकांची वाफ बंद जागेत साचते, डोके जड करते, ठिणगी लागली तर पेटते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची कुपी असलेला मास्क आणि खेळती हवा लागते. अनेक लहान गॅरेजांत या दोन्हींची वानवा आहे आणि शेजारीच वेल्डिंग चालू असते. ग्राहक दोन वर्षांनी रंग सोलून टाकील. पेंटरच्या छातीत गेलेली वाफ सोलून काढता येणार नाही.

म्हणून हौसेवर बंदीची मागणी करण्यात अर्थ नाही. क्रोमवरचा काळा थर हा निरुपद्रवी छंद आहे आणि लहान गॅरेजांना त्यातून रोजगार मिळतो. गरज आहे ती स्पष्टतेची. वाहतूक खात्याने मराठी आणि कोंकणीत, चित्रांसह एक पानी सूचना काढावी. जाळी, पट्ट्या, आरशांची आवरणे आणि चाके यांना मुभा. दिवे, परावर्तक, नंबर पाटी आणि रडारची जागा यांना पूर्ण मनाई. अंगाचा रंग बदलायचा तर आधी आरसी. हीच सूचना प्रत्येक गॅरेजात लावणे बंधनकारक करावे आणि कामगार खात्याने तिथे मास्क व हवेची सोय तपासावी. तसे झाले तर मालकाला नाक्यावर हुज्जत घालावी लागणार नाही आणि अधिकाऱ्यालाही स्वतःच्या मर्जीने दंड ठरवता येणार नाही.