पुन्हा तोच डाव

निकाली निघालेली फाईल पुन्हा कोणी टेबलावर आणली की आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यामुळे भालकीला बायकोच्या मावसबहिणीकडे गेलो असता तिचा मुलगा म्हणाला, "काका, हा गेम मी तिसऱ्यांदा खेळतोय," तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "का रे, पहिल्या दोनदा जमला नाही?"

पोरगा हसला. म्हणाला, "जमला म्हणूनच खेळतोय."

गेमचं नाव 'फायर एम्ब्लेम : थ्री हाऊसेस', निन्तेंदो स्विचवरचा, २०१९ सालचा. वरवर पाहिलं तर बुद्धिबळच. चौकटींचा पट, आधी आपण चाल करायची, मग शत्रूने. फरक एवढाच की इथल्या प्रत्येक सोंगटीला नाव आहे, घर आहे, आवडनिवड आहे. आपण एका मठातल्या विद्यालयात शिक्षक असतो. तिथे तीन राज्यांच्या मुलांचे तीन वर्ग, आपण त्यातला एक निवडायचा. मुलांना तलवार, धनुष्य, मंत्र शिकवायचे, त्यांच्याबरोबर जेवायचं. मग कथेत पाच वर्षं जातात, युद्ध पेटतं, आणि न निवडलेल्या वर्गातली मुलं समोरच्या फौजेत उभी राहतात. ही मालिका १९९० पासून चालू आहे आणि तिचा जुना कडक नियम म्हणजे मेलेला गडी परत येत नाही. एका तिरंदाज पोरीसाठी लोक तासाभराची जिंकत आलेली लढाई मोडून पहिल्यापासून मांडतात म्हणे. बुद्धिबळातल्या प्याद्यासाठी असं कोणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

ह्या खेळात चुकलेली चाल मागे घ्यायचीही सोय आहे, ठरावीक वेळा. ती मला मुळीच आवडली नाही. चाल मागे घेता आली की माणूस विचार करायचं सोडतो. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही ऑफिसात खाडाखोड करत नाही का?" करतो, पण शेजारी सही करून! असो.

पण तिसऱ्यांदा खेळण्याचं त्याचं कारण वेगळंच होतं. पहिल्या खेपेला ज्याला त्याने निर्दय शत्रू समजून मारलं, दुसऱ्या खेपेला तोच त्याच्या वर्गात बाकावर बसला होता. घरं तीन, रस्ते चार आणि एका रस्त्यावर सगळी हकिगत कधीच कळत नाही. डाव जिंकला तरी अर्धी गोष्ट पलीकडेच राहते. मला वाटतं, ह्या जातीच्या खेळांची खरी ओढ इथे आहे. त्यांना नुसता वेळकाढूपणा म्हणणाऱ्यांत कालपर्यंत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी बीदरला गेलो. महमूद गवानचा मदरसा पाहिला. १४७२ ची तीन मजली इमारत, पुढच्या बाजूचा एकच मिनार उरलेला, त्यावर निळ्या-हिरव्या टाइलांचे तुकडे अजून चिकटून. १६९६ च्या स्फोटात बरीचशी पडली. मी तिथे जरा घुटमळलो, कारण ह्याच गवानने ह्याच १४७२ साली विजयनगरकडून गोवा घेतला. आम्हां गोंयकारांना बहामनी म्हटलं की दिवाडीचं सप्तकोटेश्वराचं देऊळ आठवतं. बहामनींनी पाडलेलं, माधव मंत्र्याने पुन्हा उभारलेलं, पुढे पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलेलं. त्या गोष्टीत गवान पलीकडच्या फौजेत. आणि बीदरात तो इराणातल्या गिलानहून आलेला विद्वान वजीर, ज्याने आपल्या पैशाने पोरांसाठी विद्यालय बांधलं. मला देऊळ विसरायचं नाही. पण त्या अंगणात उभा राहून मी पहिल्यांदाच दुसऱ्या वर्गाच्या बाकावर बसलो.

गवानचा शेवट तर आम्हां कारकुनांनी जपून वाचावा असा. विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र तयार केलं. सुलतानाने चौकशीही न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याला मारवलं. वर्षभरात सुलतानही गेला आणि राज्याच्या पुढे पाच शाह्या झाल्या. गोवा विजापूरच्या आदिलशहाकडे गेला आणि १५१० मध्ये आल्बुकेर्कने तो घेतला. त्या शिक्केवाल्याने नको म्हटलं असतं तर पोर्तुगीज आलेच नसते, असं मी म्हणत नाही. पण तो डाव तिथून पुन्हा मांडून बघावासा वाटला, हे खरं.

संध्याकाळी भालकीला परतलो तर पोराचे आजोबा ओसरीवर. वय ऐंशीच्या पुढे. जन्म निजामाच्या राज्यात, मग १९४८ नंतर हैदराबाद राज्य, १९५६ ला म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक. घर तेच, दार तेच. १९५६ ला बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले तेव्हा उदगीर मुंबई राज्यात गेलं, भालकी इकडे राहिली. त्यांची बहीण उदगीरला दिलेली. मी त्यांना आमचं १६ जानेवारी १९६७ सांगितलं. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा ह्यावर मतदान झालं आणि ३४ हजार २१ मतांनी वेगळा राहिला. आमच्या घरात वडील एका बाजूला होते, काका दुसऱ्या. कित्येक चवथी त्यांनी एकमेकांशी अबोला धरून, एकाच माटोळीखाली काढल्या.

"तुम्ही कुणाकडचे?" आजोबांनी विचारलं.

"मी तेव्हा जन्मलोही नव्हतो," म्हणालो.

"मग बरं आहे. दोघांकडून खेळून बघा."

जेवणं झाल्यावर पोराने स्विच माझ्या हातात दिलं. मी निळ्या सिंहांचा वर्ग घेतला आणि पहिल्याच लढाईत धनुर्धारी पोराला नको तिथे पुढे नेऊन ठेवलं. चाल मागे घ्यायचं बटण कुठलं, ते मला विचारावं लागलं.